ख्रिस्ती दुःखसहन आणि विश्वासूपणा

त्रास झाला, नुकसान झालं, घरचे तुटले तरी प्रभूवरचा विश्वास सोडायचा नाही, ह्याला ख्रिस्ती लोक दुःखसहनातला विश्वासूपणा म्हणतात. मुख्य आधार मार्क 8:34 चा, माझ्यामागं यायचं तर आत्मत्याग करा आणि आपला वधस्तंभ उचला असं येशू सांगतो. संकटातून धीर येतो आणि धीरातून शील, हे प्रेषित पौलानं बायबलमधल्या रोमकरांच्या पत्रात 5 व्या अध्यायात लिहिलंय.

सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचं काम एकोणिसाव्या शतकापासूनचं, शिवाय कॅथलिक मंडळीही आहेत, त्यामुळं लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे चाळीस दिवस इथं ओळखीचे आहेत. कोणी एक वेळचं जेवण सोडतं, कोणी मटण. गुड फ्रायडेला बऱ्याच चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन येशूनं क्रुसावर, म्हणजे वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांवर संदेश होतात, आणि सोलापूरचं ऊन माहीतच आहे, त्यात उपाशीपोटी बसून पाचवा उद्गार 'मला तहान लागली आहे' ऐकला की वेगळं समजवायची गरज पडत नाही.

जुन्या उदाहरणांत स्मुर्णा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरचा बिशप पॉलिकार्प मोठा, इ.स. 155 च्या सुमारास रोमन सत्तेनं त्याला विश्वासापायी मारलं. ख्रिस्ताला शिव्या दे, सोडतो म्हणाले तर त्यानं उत्तर दिलं की 86 वर्षं मी त्याची सेवा केली, त्यानं माझं काही वाईट केलं नाही, मग माझ्या राजाची निंदा कशी करू? हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच्या मृत्यूचा जो वृत्तांत स्मुर्णाच्या मंडळीनं लिहिला त्यातच क्विंटस नावाचा एक जण आहे तो कोणी सांगत नाही. हा गडी स्वतःहून पकडून घ्यायला पुढं झाला, इतरांनाही पुढं केलं, आणि अंगावर सोडायची हिंस्र जनावरं बघून घाबरला न् देवांना बळी वाहून मोकळा झाला. असं आपणहून जाणाऱ्यांची आम्ही स्तुती करत नाही, असं मंडळीनं तिथंच स्पष्ट लिहून ठेवलंय. म्हणजे दुःख मागून घ्यायचं नसतं, आलं तर टिकायचं. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'हा तुझा क्रूस, सोस' म्हणणारे ह्यातलं काहीच वाचलेले नसतात असं माझं मत.

दुसरं असं की त्याग करणारा एक आणि किंमत मोजणारं दुसरंच कोणी, असंही होतं. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला म्हणजे ते ख्रिस्ती झाले, त्यांचं मोठेपण कोणी नाकारत नाही, पण बायकोला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी काही विचारलं नव्हतं. लक्ष्मीबाईंनी लहान मुलाला घेऊन नातेवाइकांकडं दिवस काढले, त्यातले बरेच आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपुरात. पुढं नवऱ्याकडं परत राहायला गेल्या तरी सोवळं लगेच सुटलं नाही. आधी जातीभेद मनातून गेला, मग 1900 साली बाप्तिस्मा घेतला, तोही टिळकांच्या दबावानं नाही तर आपल्या विचारानं.