अस्पर्शित विषय म्हणजे चांगला संशोधनप्रश्न नव्हे

ज्या विषयाला आजवर कोणी हात लावलेला नाही तोच संशोधनासाठी उत्तम, असा समज वर्षानुवर्षे रूढ आहे. तो बरोबर नाही. विषय अस्पर्शित राहण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की, त्याच्या उत्तराने कोणाच्याही समजुतीत काही फरक पडणार नसतो. वाचक जे गृहीत धरून चालतो त्यालाच धक्का देणारा सिद्धान्त लक्षवेधी ठरतो, असे समाजशास्त्रज्ञ मरे डेव्हिस यांनी १९७१ मध्ये मांडले.

जठरातील अल्सरचे उदाहरण बोलके आहे. त्यावर विपुल लेखन झालेले होते आणि ताण व आम्ल हीच कारणे मानली जात. मात्र जठराच्या आम्लात जिवाणू तग धरू शकत नाहीत, या गृहीतकावरच ऑस्ट्रेलियातील डॉक्टर बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी शंका घेतली, १९८२ मध्ये अल्सरला कारणीभूत असलेला तेथील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. येथे संशोधनाची पोकळी नव्हती, दाटीच होती.

अर्थात सरसकट विरोधही (हल्ली त्याचीही फॅशन झाली आहे) कामाचा नाही, कारण वाचकाच्या सगळ्याच धारणा नाकारणारा दावा हास्यास्पद ठरून बाजूला पडतो, हेही डेव्हिस यांनी नोंदवले होते.