मतदार यादीत नाव कुठे: गावाकडे की हॉस्टेलवर?

निवडणूक जाहीर झाली की हॉस्टेलवर कुणीतरी ठामपणे सांगतं, 'आपण इथले नाही, आपल्याला इथे मत देता येत नाही.' बाकीचे माना डोलावतात. मतदानाच्या दिवशी गावी जाणं जमत नाही आणि पहिलंच मत वाया जातं. दर निवडणुकीला हेच ऐकून आता वीट आलाय.

गावाकडच्या नोंदणीबद्दल फार सांगायला नको. अठरा पूर्ण झाली, घरच्यांनी फॉर्म भरून दिला, बीएलओ (आपल्या मतदान केंद्राची यादी सांभाळणारा अधिकारी) येऊन चौकशी करून गेले, कार्ड आलं. बहुतेकांचं असंच होतं.

खरा घोळ 'कायमचा पत्ता' या कल्पनेत आहे. आधारवर आणि कॉलेजच्या प्रवेश अर्जात जो पत्ता लिहिला तिथेच आपलं मत, असं आपण धरून चालतो. मतदार यादीचं गणित त्यावर बसवलेलंच नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम १९ मध्ये अटी दोनच आहेत: वय १८ पूर्ण आणि त्या मतदारसंघात सर्वसाधारणपणे राहणं. पुढच्याच कलमात हे राहणं म्हणजे काय ते येतं. एखाद्या ठिकाणी घर मालकीचं आहे, एवढ्यावरून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. उलट, तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचा तिथला रहिवास संपतही नाही.

आता हे विद्यार्थ्याला लावून बघा. वर्षातले बरेचसे महिने तो कॉलेजच्या शहरात राहतो, तिथलं पाणी पितो, तिथल्या बसची वाट बघतो. दिवाळीत आणि उन्हाळ्यात घरी जातो, घरचेही त्याला घरातलाच धरतात. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. म्हणूनच निवडणूक आयोगानं निवड विद्यार्थ्यावर सोडली आहे: आईवडिलांच्या पत्त्यावर नाव ठेवा, नाहीतर हॉस्टेलच्या किंवा मेसच्या पत्त्यावर नोंदवा. अट एवढीच की कोर्स मान्यताप्राप्त हवा आणि निदान एक वर्षाचा हवा. हॉस्टेलच्या पत्त्यावर नवी नोंदणी करताना फॉर्म ६ सोबत प्राचार्य, कुलसचिव किंवा अधिष्ठाता यांच्या सहीचं बोनाफाईड जोडायचं. त्याचा नमुना आयोगानं ठरवून दिलेला आहे, तोच वापरा. कॉलेजच्या खिडकीवर एसटी पाससाठी मिळतं ते बोनाफाईड नेऊन उपयोग नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी इतर कुठल्याही भाडेकरूसारखा नोंदणीकृत भाडेकरार दाखवावा.

निवड आहे, पण ती एकाच जागेची. कलम १७ प्रमाणे एकापेक्षा जास्त मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही. तरी गावच्या यादीत नाव असताना शहरात पुन्हा फॉर्म ६ भरणारे दर वर्षी भेटतात. त्या फॉर्मवर 'माझं नाव दुसरीकडे नाही' अशा घोषणेखाली आपण सही करतो. ती खोटी असेल तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नाव आधीच कुठे असेल तर फॉर्म ८ भरायचा, पत्ताबदलाचा. मतदारसंघ बदलत असला तरी २०२२ पासून हाच फॉर्म चालतो. 'नवीन कार्ड काढून टाक, काही होत नाही' असा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

नाव हलवलं तर डोमिसाईल जाईल, रेशनकार्डावरचं नाव कमी होईल, ही भीती घरचे घालतात. ते दाखले वेगळे, त्यांचे नियम वेगळे. आणि गावाकडे नाव ठेवून पोस्टानं मत देऊ म्हणाल, तर विद्यार्थ्यांना टपाली मतदानाची सोय नाही.

मग कुठे ठेवावं? तीन-चार वर्षांचा कोर्स असेल आणि घर लांब असेल, तर कॉलेजच्या शहरात, असं माझं स्पष्ट मत आहे. २०२४ ची विधानसभा आठवा. २० नोव्हेंबर, बुधवार, सगळ्या २८८ जागांचं मतदान एकाच दिवशी. दिवाळी उरकून मुलं परतलेली. आठवड्याच्या मधल्या एका सुट्टीत पुण्याहून गडचिरोलीला जाऊन कोण परत येणार?

एक गोष्ट मात्र विचारात घ्या. ग्रामपंचायतीची, जिल्हा परिषदेची, महापालिकेची मतदार यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. नाव शहरात आणलं की महापालिकेचं मत मिळतं आणि गावच्या ग्रामपंचायतीचं जातं. ज्या वॉर्डात सदस्य पाच-दहा मतांनी पडतो, तिथे घरातलं एक मत कमी होणं छोटी गोष्ट नाही. गावच्या कारभारात ज्याचा जीव खरोखर गुंतलाय, त्यानं नाव तिथेच ठेवावं आणि मतदानाला हटकून जावं. नाव गावात, आपण शहरात आणि मत कुठेच नाही, हा प्रकार तेवढा नको.

जे ठरवाल ते निवडणूक जाहीर व्हायच्या आधी करा. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते. फॉर्म भरला म्हणजे नाव आलं असंही समजू नका, आयोगाच्या पोर्टलवर यादीत शोधून खात्री करा. यादीत नाव असेल तर मतदार कार्ड हातात नसलं तरी आधार, पॅन, पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्सवर मत देता येतं. कॉलेजचं ओळखपत्र मात्र चालत नाही.