पोझिशन की ऑफसेट? एआय एजंटच्या हाती ऑसिलोस्कोप देताना

ऑसिलोस्कोप म्हणजे विजेचा सिग्नल पडद्यावर रेघेने दाखवणारे यंत्र; ही रेघ म्हणजे ट्रेस. टेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या मधल्या आणि वरच्या श्रेणीतल्या ऑसिलोस्कोपवर ट्रेस वर-खाली सरकवणाऱ्या दोन कमांड आहेत: पोझिशन आणि ऑफसेट. समोर बसलेल्या माणसाला दोन्हींत रेघ सरकलेलीच दिसते. म्हणूनच एआय एजंटसाठी, म्हणजे स्वतः कमांड देऊन काम करणाऱ्या एआय प्रोग्रामसाठी, टूल (त्याला वापरता येणारे फंक्शन) लिहिताना दोन्ही ‘ट्रेस हलवा’ या एकाच नावाखाली घालण्याचा मोह होतो. तसे करू नये असे माझे ठाम मत आहे, कारण एजंट रेघ बघत नाही, तो आकडे मागतो.

पोझिशन ही पडद्याची गोष्ट. तिचे एकक डिव्हिजन, म्हणजे जाळीतला एक चौकोन. पोझिशन २ केली की ट्रेस दोन चौकोन वर जातो. मोजमापाच्या आकड्यांत फरक पडत नाही. ऑफसेट मात्र व्होल्टमध्ये द्यायचा असतो आणि तो सिग्नलचे आकड्यांत रूपांतर होण्याआधी लागू होतो. स्कोप ज्या व्होल्टेज-पट्ट्याचे नमुने घेतो, तो पट्टाच ऑफसेटने सरकतो.

५ व्होल्टच्या पॉवर सप्लायवर २० मिलिव्होल्टचा रिपल (व्होल्टेजमधला बारीक चढउतार) आहे आणि एजंटला तो मोजायचा आहे, असे समजा. १ व्होल्ट प्रति डिव्हिजनवर अख्खा सिग्नल पडद्यात मावतो. पण ८ बिटच्या मोजणीत या स्कोपवर एका डिव्हिजनला २५ पायऱ्या (वेगळे ओळखता येणारे आकडे) येतात, म्हणजे एक पायरी ४० मिलिव्होल्टची. रिपल एका पायरीच्याही आतला! म्हणून एजंट स्केल १० मिलिव्होल्ट प्रति डिव्हिजनवर आणतो. आता ५ व्होल्टची पातळी शून्यापासून ५०० डिव्हिजन दूर गेली. पोझिशनने काही चौकोन मिळतात, पाचशे नव्हे. सिग्नल पट्ट्याच्या वरच्या कडेला चिकटतो, आकड्यांत सपाट रेघ येते, आणि क्लिपिंगची (सिग्नल पट्ट्याबाहेर गेल्याची) सूचना न वाचणारा एजंट ‘रिपल जवळजवळ शून्य, सप्लाय स्वच्छ’ असा अहवाल देऊन मोकळा होतो. या गल्लतीत मला सर्वांत जास्त खटकते ते हेच: उत्तर चुकीचे असते आणि दिसते मात्र उत्तम.

ऑफसेट ५ व्होल्ट दिला की पट्टा ५ व्होल्टभोवती येतो. एक पायरी ०.४ मिलिव्होल्टची होते आणि तोच रिपल सुमारे ५० पायऱ्यांत नीट मोजला जातो.

अर्थात मागितलेला ऑफसेट मिळेलच असे नाही. स्केल लहान केले की बऱ्याच स्कोपवर ऑफसेटची मर्यादाही आखडते, आणि ती प्रोब (सिग्नल स्कोपपर्यंत आणणारी जोडणी) १एक्स आहे की सिग्नल दहापट लहान करणारा १०एक्स यावरही ठरते. ५ व्होल्ट बसत नसतील तर एसी कपलिंग, म्हणजे सिग्नलचा स्थिर भाग अडवून फक्त बदल आत घेणे, हा मार्ग आहे. त्यात डीसी (स्थिर) पातळी आणि अगदी सावकाश होणारे चढउतार मात्र हातचे जातात.

दिशेचाही घोळ आहे. पोझिशन वाढवली की ट्रेस वर जातो, ऑफसेट वाढवला की खाली येतो, कारण पट्टा वर सरकलेला असतो. ‘ट्रेस वर घे’ एवढेच सांगणाऱ्या टूलमध्ये हे चिन्ह कुठेतरी उलटणारच.

वेव्हफॉर्म (मोजलेल्या सिग्नलचे आकडे) उतरवून घेतानाही दोन्ही वेगळ्या राहतात. टेक्ट्रॉनिक्सच्या प्रिअँबलमध्ये, म्हणजे आकड्यांसोबत येणाऱ्या माहितीत, वायऑफ म्हणजे पायऱ्यांत मोजलेली पोझिशन, तर वायझीरो म्हणजे व्होल्टमधला ऑफसेट. कच्च्या आकड्यातून वायऑफ वजा करा, वायमल्टने (एका पायरीचे व्होल्ट) गुणा, मग वायझीरो मिळवा, की खरे व्होल्ट मिळतात. वायझीरो विसरलात तर आपल्या उदाहरणातला सप्लाय ५ ऐवजी शून्य व्होल्टचा दिसेल.

सगळ्या कंपन्यांची पद्धत एक नाही. कीसाइटच्या इन्फिनीव्हिजन स्कोपवर चॅनलला (सिग्नल घेणाऱ्या प्रत्येक इनपुटला) फक्त ऑफसेट कमांड आहे आणि तिचा अर्थ ‘पडद्याच्या मध्यावर किती व्होल्ट’ असा. उलट टेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या टीडीएस२००० मालिकेत पोझिशनच आहे, ऑफसेट नाही. तेव्हा एका स्कोपसाठी लिहिलेले टूल नुसते नाव बदलून दुसऱ्याला जोडू नका.

२०२४ मध्ये आलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलने, म्हणजे एआयला बाहेरची टूल जोडण्याच्या सामाईक पद्धतीने, टूल लिहिणे सोपे झाले आहे, पण एजंट टूलची निवड त्याचे नाव आणि वर्णन वाचूनच करतो. म्हणून टूल दोन ठेवा आणि पॅरामीटरच्या नावातच ‘डिव्हिजन’ किंवा ‘व्होल्ट’ लिहा. ऑफसेटच्या वर्णनात ‘मोजमापाचा पट्टा सरकतो’ असे स्पष्ट म्हणा. पोझिशनच्या वर्णनात ‘फक्त दिसण्यासाठी, दोन ट्रेस एकमेकांवर आले तर किंवा माणसासाठी स्क्रीनशॉट घेताना’ असे. आणि किंमत पाठवून झाल्यावर टूलने ती स्कोपला परत विचारावी, मिळालेला आकडा एजंटला द्यावा. ५ मागितले आणि १ मिळाला, हे त्याला कळले तरच तो प्रोब किंवा कपलिंग बदलायला सांगेल.