बुश फिरत नाही, पिळला जातो

रिव्हर्स घेऊन ब्रेक दाबला की पायाखालून एकदाच 'टक्' व्हायचं. मग पुढे निघून ब्रेक मारला की पुन्हा एकदा 'टक्'. खड्ड्यात नाही, स्पीडब्रेकरवर नाही. गाडी 2006 सालची, लहान, पेट्रोलची. अंदाजाने सस्पेन्शनमधले लिंक रॉड बदलले, नंतर शॉकअपही बदलले. खिसा हलका झाला, टक् तशीच राहिली.

खरं तर आवाजाची वेळच सगळं सांगत होती. बारीक खडबडीत रस्त्यावर सतत खडखड येत असेल, तर संशय लिंक रॉडवर घ्यावा. ब्रेक मारताना किंवा दिशा बदलताना एकच ठोका ऐकू आला, तर लोअर आर्मचे बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातले रबरी तुकडे, आधी पाहावेत. माणसांसकट 1000 किलोची गाडी जोरात थांबवली, तर पुढच्या एकेका चाकाला मागे रेटणारा जोर जवळपास अडीचशे किलो वजनाइतका असतो. चाकाला जागेवर धरून ठेवणारा लोअर आर्म हा जोर बुशमार्फत चासीला देतो. रिव्हर्समध्ये तोच जोर उलट्या दिशेने येतो. मधलं रबर सुटलेलं असेल, तर आर्म एका बाजूकडून दुसरीकडे सरकतो आणि लोखंडावर लोखंड आपटतं.

मिस्त्रींनी गाडी रॅम्पवर चढवली, आर्म आणि चासीच्या मध्ये टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घातली आणि हळूच रेटली. मागच्या बुशमध्ये चंद्रकोरीसारखी फट उघडली. टॉमी सोडली, फट मिटली. "बघा, तोंड उघडतंय." नुसतं वाकून पाहिलं असतं तर दिसलं नसतं.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. हे बुश जेमतेम वर्षापूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात नवे टाकून घेतले होते.

बुश म्हणजे लोखंडी नळीत दुसरी लहान नळी आणि मध्ये रबर. रबर दोन्हीकडे पक्कं चिकटवलेलं असतं. आतली नळी बोल्टने चासीला आवळलेली, बाहेरची आर्ममध्ये ठोकून बसवलेली. आपल्याला वाटतं, आर्म वरखाली होताना बुश बिजागरीसारखा फिरत असेल. तो फिरत नाही. त्यात घसरणारं काहीच नसतं. रबर पिळलं जातं आणि परत येतं. म्हणून त्याला ना वंगण लागतं, ना त्याची देखभाल. रस्त्याची थरथरही त्यातच जिरते, कारण रबराचे लांबच लांब रेणू एकमेकांवर घासून त्या हालचालीची उष्णता करतात.

आता हिशेब बघा. गाडी जॅकवर उचलली की चाक लोंबतं. आर्म 30 सेंटिमीटर लांब आणि चाक 8 सेंटिमीटर खाली आलं, तर आर्म सुमारे 15 अंश झुकतो. त्याच अवस्थेत बोल्ट आवळला, तर आतली नळी त्या कोनात कायमची अडकते. गाडी जमिनीवर टेकली की रबर 15 अंश पिळलेलं, आणि ते उभ्या गाडीतही तसंच राहतं. वरून खड्ड्याचा पीळ. माझ्या बुशचं नेमकं हेच झालं असणार, असं मिस्त्री म्हणाले. रबर एकाच अंगाने फाटलेलं पाहून मलाही ते पटलं.

ताणलेल्या रबराला आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे ओझोन. वाहनांच्या धुरावर ऊन पडलं की जमिनीलगतच्या हवेत तो तयार होतो आणि नैसर्गिक रबराच्या साखळीतले दुहेरी बंध तोडतो. सैल रबरावर तडे उमटत नाहीत. ताण असेल तिथे, ताणाला आडवे उमटतात. वरवरच्या केसाएवढ्या रेषांना घाबरू नये. नख आत शिरेल असा तडा असेल, किंवा रबर नळीपासून सुटलं असेल, तर मात्र बदला.

पावसाळ्याआधी गाडीखाली जुनं ऑइल किंवा डिझेल फवारून घ्यायची आपल्याकडची सवयही बुशला मारक आहे. पत्रा गंजत नाही, पण नैसर्गिक रबर तेल पिऊन फुगतं आणि मऊ पडतं. कुईकुई थांबवायला ग्रीस लावणं हाही तोच प्रकार. कुठला बुश कुरकुरतोय हे शोधायचं असेल तर एकेकावर पाणी मारा. ज्यावर मारल्यावर आवाज थोडा वेळ थांबेल, तो.

या वेळी मी शेजारी उभा राहिलो. जुने बुश प्रेसवर काढले. मागच्या बुशच्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात. पुढे-मागे मऊ आणि आडवा कडक राहावा म्हणून. तो वेडावाकडा बसला तर हा सगळा खटाटोप वाया. म्हणून काढण्याआधीच आर्मवर खडूने खूण केली. नवे बुश साबणाच्या पाण्याने ओले करून दाबले, आर्म चढवले, बोल्ट फक्त हाताने लावले. मग चाकं बसवून गाडी जमिनीवर उतरवली, बॉनेट चार-पाच वेळा दाबून हलवली आणि ती आपल्या नेहमीच्या उंचीवर बसल्यावर मिस्त्री गाडीखालच्या खड्ड्यात उतरून टॉर्क पान्ह्याने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्ह्याने, बोल्ट आवळायला लागले. तिथून अलाइनमेंटला गेलो. पुढच्या डाव्या टायरची आतली कड झिजून बोटाला गुळगुळीत लागत होती. तो टायर आता बदलावाच लागणार.