कापडी डायपरची खरी परीक्षा धुताना होते

निरोगी तान्ह्या बाळाच्या शरीरात दर किलो वजनामागे तासाला साधारण २ मिलिलिटर मूत्र तयार होते. ६ किलो वजनाच्या बाळाचा हिशेब केला, तर दिवसाकाठी जवळपास ३०० मिलिलिटर द्रव बाहेर पडतो. तो संथपणे झिरपत नाही. काही सेकंदांच्या लहानमोठ्या लोंढ्यांत येतो. हा लोंढा येताक्षणी टिपून घेणे, बाळ त्यावर बसले तरी तो धरून ठेवणे, त्वचेपासून शक्य तितका दूर राखणे आणि बाहेरच्या कपड्यांपर्यंत पोहोचू न देणे, अशी चार कामे डायपरकडे असतात. ही चारही चोख करील असे एकही कापड नाही, कारण जो तंतू पाणी आत सामावून घेतो तो त्वचेलाही ओलाच लागतो आणि जो तंतू कोरडा राहतो तो पाणी धरत नाही. म्हणून धुऊन पुन्हा वापरायचा आजचा डायपर थरांचा असतो: त्वचेलगत ओल न धरणारा पातळ थर, मध्ये शोषून घेणारे इन्सर्ट आणि बाहेर पाणी अडवणारे कव्हर.

यातले सर्वांत महत्त्वाचे काम मधल्या थराचे. कापसाचा तंतू बहुतांशी सेल्युलोजचा बनलेला असतो आणि सेल्युलोजच्या लांबलचक रेणूवर जागोजागी असलेल्या हायड्रॉक्सिल गटांशी पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी जोडले जातात. त्यामुळे पाणी दोन धाग्यांमधल्या फटींत तर साठतेच, शिवाय तंतूच्या आतही शिरते आणि तंतू फुगतो. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत नुसता ठेवलेला कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा हवेतूनच घेतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही घेत नाही. तरीही पॉलिएस्टरच्या अतिसूक्ष्म धाग्यांचे मायक्रोफायबर पाणी कापसापेक्षा झपाट्याने ओढते, कारण धाग्यांमधल्या अरुंद फटींत केशाकर्षण, म्हणजे बारीक फटींत द्रव आपोआप ओढला जाणे, जोरदार होते. मात्र हे पाणी फटींतच अडकलेले असते, तंतूशी बांधलेले नसते, त्यामुळे बाळ बसले किंवा पट्ट्याने आवळले गेले की स्पंज पिळावा तसे ते बाहेर येते. अनेक पालक ज्या गळतीचा दोष कव्हरला देतात तिचे मूळ पुष्कळदा इथे असते. मायक्रोफायबर वर आणि भांगेच्या तंतूचे किंवा जाड सुती कापड खाली अशी जोडी त्यामुळेच चांगली ठरते, कारण वरचा थर चटकन टिपतो आणि खालचा सावकाश पण घट्ट धरतो. ‘बांबूचे’ म्हणून विकले जाणारे मऊ कापड बहुतेक वेळा व्हिस्कोस असते, म्हणजे लगदा रसायनांत विरघळवून पुन्हा तंतूरूपात आणलेले सेल्युलोज. ते शोषते छान, पण बांबूचे नैसर्गिक जंतुनाशक गुण त्यात उतरल्याचे दावे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्येच आक्षेपार्ह ठरवले होते.

एकदा वापरून टाकायच्या डायपरशी शोषणशक्तीची तुलना केली, तर कापड हरते हे सरळ मान्य करावे. त्या डायपरमधील सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे दाणे शुद्ध पाणी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शोषतात. मूत्रातील क्षारांमुळे ही क्षमता बरीच घटते, तरी ती वजनाच्या तिसेक पट राहते, आणि पाण्याचा जेल बनल्यामुळे दाबाखालीही ते फारसे सुटत नाही. कापडात असा बदल होत नाही. त्यातले पाणी पाणीच राहते. त्यामुळे कापडी डायपर दोन-तीन तासांनी आणि शी झाल्यावर लगेच बदलावा लागतो, आणि रात्रीसाठी जास्तीचा थर घालावा लागतो. नवे सुती इन्सर्ट पहिल्या दिवशी गळतात, त्याचे कारण आणखी वेगळे आहे. कापसाच्या तंतूवर जन्मतः मेणाचा पातळ लेप असतो आणि प्रक्रिया न केलेल्या कापडात तो शिल्लक राहतो. गरम पाणी आणि डिटर्जंट वापरून काही वेळा धुतल्यावर तो निघून जातो आणि मगच कापड पूर्ण क्षमतेने शोषू लागते.

बाहेरच्या कव्हरचा इतिहास मोठा गमतीचा आहे. अमेरिकेतील मॅरियन डोनोव्हन यांनी १९४६ च्या सुमारास न्हाणीघरातला जलरोधक पडदा कापून कापडी लंगोटावर घालायचे आवरण शिवले आणि टोचणाऱ्या पिनांऐवजी त्याला टिचबटणे लावली; पुढे १९५१ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. त्याआधीच्या रबरी चड्ड्या ओल अडवत, पण आत उबारा कोंडून ठेवत. आज बहुतेक कव्हरांत पॉलिएस्टरच्या विणीवर पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. याहून जुना आणि अजूनही टिकून असलेला उपाय लोकरीचा आहे. लोकरीचा तंतू वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी वाफ पोटात घेऊनही हाताला ओला लागत नाही, आणि पृष्ठभागावरील लॅनोलिन या स्निग्ध द्रव्यामुळे पाण्याचे थेंब बाहेर पाझरत नाहीत. धुताना लॅनोलिन कमी होत जाते, म्हणून ते अधूनमधून पुन्हा द्यावे लागते.

कापडी की एकदा वापरायचा, या वादात पुरळाचा मुद्दा दोन्ही बाजूंनी बेफिकिरीने वापरला जातो. पूर्वी डायपरखालच्या पुरळाचे खापर मूत्रातून सुटणाऱ्या अमोनियावर फोडले जाई. १९७० आणि १९८० च्या दशकांतील संशोधनातून चित्र अधिक स्पष्ट झाले. धडधाकट त्वचेला तेवढ्या अमोनियाने थेट इजा होत नाही, पण पुढची साखळी त्याच्यापासून सुरू होते. शीमधील जीवाणूंचे युरिएज हे विकर (एन्झाइम) मूत्रातील युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करते आणि त्यामुळे त्वचेचा सामू (pH) वाढतो, म्हणजे तिची आम्लता कमी होते. एरवी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, ५.५ च्या आसपास असतो. सामू वाढला की शीमध्ये आधीपासून असलेली, प्रथिने आणि मेद फोडणारी पचनविकरे जोमाने काम करू लागतात आणि त्वचेच्या बाहेरच्या थरावरच हल्ला चढवतात. तो थर ओलाव्याने आधीच फुगलेला, घासला गेलेला असेल तर नुकसान जास्त होते, आणि कॅन्डिडा या बुरशीला आत शिरायला वाट मिळते. शी आणि शू यांचा एकत्र सहवास किती वेळ घडला हे त्यात निर्णायक ठरते. एकदा वापरायचा डायपर त्वचा अधिक कोरडी ठेवतो, पण त्याच कारणाने तो बदलायचा राहून जाण्याची शक्यताही वाढते. वेळेवर बदललेला कापडी डायपर पुष्कळ वेळ तसाच राहिलेल्या ‘कोरड्या’ डायपरपेक्षा त्वचेला मानवतो, असे माझे मत आहे. दोन-तीन दिवसांत न ओसरणारे किंवा फोड आलेले पुरळ मात्र डॉक्टरांनाच दाखवावे.

आता धुण्याकडे वळू, कारण कापडी डायपरबद्दलच्या बहुतेक तक्रारी तिथेच जन्म घेतात. धुण्याआधी शी शौचकुपात टाकावी. वापरलेले डायपर झाकणबंद बादलीत पाण्यात भिजत ठेवण्याची पद्धत टाळलेली बरी, कारण त्या पाण्यात जीवाणू वाढतात, लवचीक पट्टी लवकर सैल होते आणि रांगत्या मुलासाठी पाण्याची बादली हा बुडण्याचा धोका असतो. हवा खेळती राहील अशा टोपलीत किंवा पिशवीत ते कोरडेच ठेवावेत आणि दोन-तीन दिवसांच्या आत धुवावेत. आधी एक छोटी धुलाई करून मूत्र आणि घाण काढून टाकावी, मग पुरेसे डिटर्जंट घालून मुख्य धुलाई करावी. ‘बाळाचे कपडे’ म्हणून चिमूटभर डिटर्जंट वापरण्याची सवय इथे उलटते. डिटर्जंटमधले घाण सोडवणारे पृष्ठक्रियाशील द्रव्य कमी पडले, तर मेद आणि प्रथिने तंतूंवरून पुरती सुटत नाहीत आणि सुटलेली घाण पुन्हा कापडावरच बसते. पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतील, तर डिटर्जंटचा काही भाग त्यांच्याशी झुंजण्यातच खर्च होतो, आणि साधा साबण असेल तर त्याचा अविद्राव्य चोथा तंतूंवर साचतो. असे इन्सर्ट हळूहळू ताठर होतात.

रात्रभर घातलेल्या डायपरला सकाळी अमोनियाचा वास येणे स्वाभाविक आहे. धुऊन वाळवलेला डायपर ताज्या शूने भिजताच भपकारा सोडत असेल, तर मात्र कापडात जुने अवशेष आणि जीवाणू उरले आहेत असे समजावे. अशा वेळी काही जण थेट ब्लीच ओततात, आणि ते धोकादायक आहे: क्लोरीनयुक्त ब्लीच आणि अमोनिया एकत्र आल्यास क्लोरामाइन हा श्वसनमार्गाला इजा करणारा विषारी वायू तयार होतो. ब्लीच वापरायचेच असेल, तर ते डायपर पूर्ण धुऊन झाल्यावर, उत्पादकाने सांगितलेल्या मात्रेतच वापरावे. कपडे मऊ करणारे कंडिशनर तर दूरच ठेवावे, कारण त्यातील धनभारित स्निग्ध रेणू तंतूंवर लेप देऊन बसतात आणि हरप्रयत्नाने घालवलेले मेण जणू परत आणतात. जाड मलमांचेही तेच होते, म्हणून मलम लावलेले असताना आत एक वेगळा पातळ कापडी थर घालावा.

डागांवर उन्हाइतका सोपा उपाय नाही आणि त्यामागचे विज्ञान फार सुरेख आहे. तान्ह्या बाळाच्या शीचा पिवळा रंग मुख्यतः पित्तातील बिलिरुबिन आणि त्याच्या भावंड रंगद्रव्यांचा असतो, आणि प्रकाशात या रेणूंची रचना बदलते. १९५० च्या दशकात इंग्लंडमधील रॉचफर्डच्या रुग्णालयात एका परिचारिकेच्या लक्षात आले की, उन्हात नेलेल्या बाळांच्या त्वचेचा उघडा भाग झाकलेल्या भागापेक्षा कमी पिवळा दिसतो. त्यातून नवजात काविळीवरची प्रकाशोपचार पद्धत विकसित झाली. दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या लंगोटावरचा डाग फिका पडतो तोही प्रकाशाच्या अशाच क्रियेमुळे.

पर्यावरणाच्या हिशेबातही धुलाईच निर्णायक ठरते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जीवनचक्र अभ्यासात, म्हणजे निर्मितीपासून विल्हेवाटीपर्यंतचा भार मोजणाऱ्या अभ्यासात, अडीच वर्षांसाठी एकदा वापरायच्या डायपरांचे उत्सर्जन सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतके निघाले आणि कापडी डायपरांचे सुमारे ५७० किलो. हा एकच आकडा दाखवून कापडी डायपर निरर्थक असल्याचे सांगणारे पुढचे पान उलटत नाहीत. यंत्र भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि तेच डायपर दुसऱ्या मुलासाठी वापरले, तर कापडी डायपरांचे उत्सर्जन सुमारे ४० टक्क्यांनी घटते, असे त्याच अभ्यासात म्हटले होते. उलट उकळत्या तापमानाला धुऊन प्रत्येक वेळी ड्रायरमध्ये वाळवले, तर ते सुमारे ७५ टक्क्यांनी वाढते. ब्रिटिश सरकारसाठी झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या अभ्यासात कापडी डायपरांचे उत्सर्जन सरासरीनेच २५ टक्के कमी आढळले. एकदा वापरायच्या डायपरचा भार मुख्यतः निर्मितीत असतो, कापडी डायपरचा मुख्यतः वापरात. म्हणून पहिल्याबाबत पालकाच्या हाती फारसे काही उरत नाही आणि दुसऱ्याबाबत बरेच उरते.

कापडाच्या बाजूनेही सगळे स्वच्छ नाही. एक किलो सुती कापडामागे जागतिक सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी खर्च होते आणि पॉलिएस्टरचे थर प्रत्येक धुलाईत सूक्ष्म प्लास्टिक तंतू सोडतात. त्यामुळे हौसेने पन्नास रंगीबेरंगी डायपर घेण्यापेक्षा दोन-तीन दिवसांच्या फेरीला पुरतील एवढेच घेणे आणि शक्य असल्यास वापरलेले घेणे अधिक शहाणपणाचे. सुती इन्सर्ट वर्षानुवर्षे टिकतात. आधी निकामी होते ती लवचीक पट्टी आणि पॉलियुरेथेनचा पापुद्रा. ही दोन्ही उष्णतेने लवकर झिजतात, त्यामुळे ड्रायर टाळल्याने वीज वाचते तसेच तेच कव्हर दुसऱ्या बाळाच्या उपयोगी पडण्याची शक्यताही वाढते.