गर्भात कळलेला हृदयदोष आणि जन्मानंतरचे पहिले तीन दिवस

ज्या बाळांचा हृदयदोष गर्भात असतानाच लक्षात आला, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण जन्मानंतर निदान झालेल्या बाळांपेक्षा जास्त असल्याचे अनेक रुग्णालयांच्या नोंदींत दिसते. त्यावरून ‘आधी कळून उपयोग काय?’ असे विचारले जाते. हे अनुमान चुकीचे आहे. गर्भाच्या सोनोग्राफीत सहज दिसतात ते हृदयाची मूळ रचनाच बदलून टाकणारे गंभीर दोष. पडद्यातले बारीक छिद्र बहुधा निसटते आणि पुष्कळदा आपोआप बुजतेही. शिवाय निदानाअभावी वाटेतच दगावलेली बाळे शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्राच्या नोंदींत येतच नाहीत. म्हणून तुलना करायची तर ती एकाच दोषाच्या बाळांची करावी लागते.

आधी कळण्याला महत्त्व का, याचे उत्तर ‘डक्टस आर्टेरिओसस’ या आखूड नलिकेत आहे. गर्भाला प्राणवायू वारेतून मिळतो आणि त्याची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. त्यामुळे फुप्फुस-धमनीत आलेले बहुतेक रक्त या नलिकेतून थेट महाधमनीत वळते. नलिका उघडी ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन बऱ्याच अंशी वारेत तयार होते आणि फुप्फुसांत नष्ट होते. जन्मानंतर वार सुटते, फुप्फुसांतून भरपूर रक्त वाहू लागते आणि हे द्रव्य झपाट्याने घटते. त्याच वेळी रक्तातला प्राणवायू वाढल्याने नलिकेच्या स्नायुपेशींमधील पोटॅशियमच्या वाहिन्या मिटतात, पेशीपटलावरील विद्युतदाब बदलतो, कॅल्शियम आत शिरते आणि स्नायू आकसतो. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात दोन-तीन दिवसांत ही वाट बंद होते. एका श्वासाबरोबर सुरू होणारी ही साखळी मला शरीरक्रियाशास्त्रातील सर्वांत विलक्षण घटना वाटते.

परंतु ज्या बाळाच्या हृदयाची डावी बाजू खुरटलेली आहे किंवा फुप्फुसाकडे जाणारी झडपच बंद आहे, त्याचे जीवन याच नलिकेवर अवलंबून असते. असे बाळ पहिल्या दिवशी ठीक दिसू शकते आणि नलिका आकसताच कोसळते. निदान आधी झाले असेल तर जन्मतःच प्रोस्टाग्लँडिन ई-१ शिरेतून सुरू करून नलिका उघडी ठेवता येते. हा उपचार १९७० च्या दशकाच्या मध्यापासून वापरात आहे.

महाधमनी आणि फुप्फुस-धमनी यांची अदलाबदल झालेल्या बाळांवरील पॅरिसचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. जन्मानंतर निदान झालेल्या २५० बाळांपैकी १५ शस्त्रक्रियेपूर्वीच दगावली. गर्भात निदान झालेल्या ६८ पैकी एकही नाही. सर्वच दोषांत मृत्युदरातील फरक इतका स्पष्ट दिसत नाही. मात्र शस्त्रक्रियेच्या वेळी बाळाची स्थिती चांगली असणे, रक्तातील आम्लता कमी असणे, हा लाभ अनेक दोषांत आढळतो.

गरोदरपणी आई घाबरली किंवा तिने काही अशुभ पाहिले म्हणून हृदयात दोष आला, हा समज निराधार आहे. हृदयाची मुख्य घडण साधारण आठव्या आठवड्यापर्यंत पूर्ण होते. अनियंत्रित मधुमेह, रुबेला, काही औषधे आणि जनुकीय बदल ही ज्ञात कारणे आहेत, आणि बहुतेक बाळांत कोणतेही एक कारण सापडत नाही.

दोष कळला म्हणून प्रसूती घाईने उरकण्याचा मोहही टाळायला हवा. दुसरी वैद्यकीय निकड नसेल, तर ३९ आठवडे पूर्ण होऊन जन्मलेल्या बाळांची शस्त्रक्रियेनंतरची प्रगती ३७-३८ आठवड्यांत जन्मलेल्यांपेक्षा सरस आढळते; त्यामुळे निदानाचा खरा उपयोग प्रसूती कधी यापेक्षा कुठे व्हावी, हे ठरवण्यासाठी होतो.