सागवानाला तेल पाजत राहिलं की ते टिकतं, हे अर्धवटच खरं

आमच्या बेळगाव-खानापूर भागात पावसाळा संपला की सागवानी दाराला अळशीचं तेल चोपडायचंच, नाहीतर लाकूड मरतं म्हणतात. पण बघा की, सागवानात स्वतःचंच तेल असतंय, त्याच्यामुळंच ते कुजायला लवकर तयार होत नाही. उन्हानं करडं पडतं ते फक्त वरचा पातळ थर, आत लाकूड ठणठणीत असतं. शिडाच्या बोटींवर सागवानी डेक, म्हणजे वरची फळ्यांची जमीन, कितीतरी लोक मुद्दाम करडंच ठेवतात, समुद्राच्या पाण्यानं धुतात आणि मऊ ब्रश लाकडाच्या रेषांना आडवा मारतात, कारण रेषांच्या दिशेनं जोरात घासलं की मऊ भाग निघून खाचा पडतात. उलट अळशीचं तेल दमट हवेत बुरशीचं खाद्यच होतं, म्हणून तर दारं काळी पडतात आणि आपण परत तेल मारतो! तेल रंगासाठी लावा की, पण कोरड्या लाकडाला, पातळ. आणि खिळ्याभोवतीचा काळा डाग बुरशीचा नसतोय, लोखंड नि लाकडातल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याचा असतो, त्याला पाण्यात विरघळवलेलं ऑक्झॅलिक अ‍ॅसिड लागतं. ते विषारी आहे, हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा, नंतर भरपूर पाण्यानं धुवा.